जिन्यातल्या तीन बैठका

आप्पांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांची बस जुन्या चौकाला वळसा घालून जायची. तो चौक म्हणजे शहराचा मानाचा भाग. मधोमध कारंजं, भोवती दोन-दोनशे वर्षांच्या दगडी इमारती, खिडक्यांना एकाच हिरव्या रंगाच्या झडपा, खाली फरसबंदी. बस त्या फरसबंदीवर चढली की आसपासच्या काचा खुळखुळायच्या आणि वरच्या एखाद्या खिडकीतून कोणीतरी कपाळाला आठ्या घालून खाली बघायचं. आप्पा मान वर न करता गाडी काढायचे. आठ्या घालणाऱ्यांच्या शेजारी आपण कधी राहायला जाऊ, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पण बायको गेली, पाठोपाठ निवृत्ती आली आणि एकुलत्या एका मुलीने हट्टच धरला. मुलगी वकील, जावई पुलांची कामं करणारा इंजिनियर. दोघांनी मिळून त्या चौकातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. "आप्पा, तुमची खोली चौकाकडची आहे. दिवसभर खिडकीत बसा, गंमत बघा," असं म्हणून तिने त्यांचं सामान बांधायला घेतलंसुद्धा.

घर बघत राहावं असं होतं. छत इतकं उंच की आप्पांना पहिले काही दिवस आपण बुटके झालो असंच वाटायचं. दरवाजे जाडजूड, बंद केले की बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. इमारत संरक्षित यादीत होती, म्हणून लिफ्ट बसवायला परवानगी नव्हती. खालपासून वरपर्यंत चौऱ्याऐंशी दगडी पायऱ्या, मजल्याला एकवीस. आप्पांनी त्या पहिल्याच दिवशी मोजल्या. बाकी मोजायला, बघायला, बोलायला काही नव्हतं. मुलगी-जावई सकाळी साडेआठला बाहेर पडत ते दिवेलागणीला परतत. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं वर्षातले दहा महिने परदेशी. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. तेच इमारतीच्या मंडळाचे चिटणीस. तळाला रस्त्याच्या बाजूने तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या बाईंचं दुकान. चौथ्या मजल्यावर कोण राहतं हे आप्पांना ठाऊक नव्हतं, कारण तिथून कोणी खालीच येत नसे.

डॉक्टरांशी आप्पांची ओळख चिठ्ठ्यांमधून झाली. पहिली चिठ्ठी आली ती आप्पांनी गॅलरीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घातला तेव्हा. दुसरी आली ती त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून खालच्या पेपरवाल्याला हाक मारली तेव्हा. दोन्ही चिठ्ठ्या जाड गुळगुळीत कागदावर, सुबक अक्षरात, आणि शेवटी "सस्नेह".

"आमच्या डेपोत मेमो द्यायचे," आप्पा जावयाला म्हणाले, "पण स्नेह कोणी दाखवला नव्हता हो, जावईबापू."

जावई हसला. मुलगी हसली नाही.

"आप्पा, आपण इथे नवे आहोत. जरा सांभाळून. लोक काही बोलत नाहीत, पण बघत असतात."

"बोलत नाहीत तेच तर दुखणं आहे," आप्पा पुटपुटले.

एके दिवशी सकाळी आप्पा टपाल घ्यायला खाली गेले. तळाच्या दालनात चार पेट्या होत्या. चौथ्या पेटीचं तोंड पत्रांनी बुजलं होतं आणि दोन लिफाफे खाली जमिनीवर पडले होते. आप्पांना राहवलं नाही. त्यांनी सगळी पत्रं ओढून काढली, छातीशी धरली आणि चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून चौथ्या मजल्यावर घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला आणि दार साखळीएवढं उघडलं.

"कोण?"

"तिसऱ्या मजल्यावरचा. तुमची पत्रं आणलीत."

"माझ्या पेटीतून काढली? चोर आहात की काय?"

"चोर असतो तर पत्रं घेऊन खालीच पळालो असतो, बाई. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर कशाला आलो असतो?"

दार पुन्हा बंद झालं. मग साखळी निघाली. दारात एक उंच, ताठ म्हातारी उभी होती. पांढरे केस खांद्यावर अस्ताव्यस्त आलेले. एका हातात काठी, दुसऱ्यात भिंग.

"युक्तिवाद मान्य," ती म्हणाली. "या आत."

त्या निवृत्त न्यायाधीश होत्या. गेली चाळीस वर्षं त्याच घरात राहत होत्या. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. आयुष्य कोर्टात गेलं आणि उरलेलं पुस्तकांत. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक आणि झाडलोट करून जायची, आणि तिलाही दोन मजले चढेपर्यंत धाप लागायची, म्हणून भाजीच्या पिशवीबरोबर टपालही आणायचं ती टाळायची. सात महिन्यांपूर्वी जजबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण त्या तेव्हापासून एकदाही खाली उतरल्या नव्हत्या.

"उतरायला काही नाही हो," त्या म्हणाल्या. "उतरेन. वर कसं यायचं? वीसेक पायऱ्या चढते, मग टेकावंच लागतं. पायरीवर बसले तर उठता येत नाही. दवाखान्यातून परत आले त्या दिवशी बसले होते, पाऊण तास बसून होते. दातांचे डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी उठवलं." त्यांनी कपाळावरची बट मागे सारली. "सगळी नोकरी बारीक कापलेल्या केसांनी केली मी. आता आरशात बघितलं की वाटतं, वर्षानुवर्षं निकालाची वाट बघणारी कोणी वादी उभी आहे."

आप्पा घरी आले ते डोक्यात किडा घेऊनच. वीस पायऱ्या चढता येतात. मजल्याला पायऱ्या एकवीस. म्हणजे प्रत्येक मजल्यावर टेकायला जागा असली की झालं! एवढी साधी गोष्ट. दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या तीन खुर्च्या उचलल्या आणि तिन्ही मजल्यांवर जिना संपतो तिथल्या चौथऱ्यांवर एकेक मांडून ठेवली. खुर्च्या मांडताना त्यांना एक गंमत दिसली. प्रत्येक चौथऱ्यावर भिंतीत एक उथळ कोनाडा होता आणि त्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन लोखंडी बिजागऱ्या, रंगाच्या पुटांखाली बुजलेल्या. कशाच्या असतील, असं मनाशी म्हणत ते वर आले.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती हातात चिठ्ठी घेऊनच.

"जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये. ही वास्तू संरक्षित आहे. सस्नेह." तिने वाचून दाखवलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आप्पा, आपल्या खुर्च्या जिन्यात काय करतायत?"

आप्पांनी सगळं सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीश बाई, गुडघा, वाढलेले केस. ऐकताना मुलीचा चेहरा उतरत गेला.

"जजबाई? त्या आपल्या डोक्यावर राहतात?"

"ओळखतेस?"

ती खुर्ची नसलेल्या जागेकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तेरा वर्षं झाली. पहिल्यांदा एकटीने उभी राहिले होते मी. एका शाळेच्या भिंतीचा दावा होता. मी दोन वाक्यं बोलले आणि त्या म्हणाल्या, 'बसा. आधी कागद वाचून या.' भरल्या कोर्टात. मला आजही तो आवाज ऐकू येतो, आप्पा."

आप्पांना हे कधी कळलंच नव्हतं. पोरीने त्या दिवशी घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं असेल आणि आपण बसच्या पाळीवर असू, एवढंच त्यांच्या मनात आलं. ते गुपचूप उठले आणि जिन्यातल्या खुर्च्या आत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ते जजबाईंना सांगायला गेले की बेत फसला. वाटलं होतं बाई उसासा टाकतील. बाईंनी हात पुढे केला.

"चिठ्ठी दाखवा."

भिंगाखाली धरून त्यांनी ती दोनदा वाचली. "कुठल्या नियमाखाली, ते लिहिलेलं नाही. मंडळाची नियमावली आणा."

"मी? मी ड्रायव्हर माणूस, मला कोण देणार?"

"मागितली की देतात. न मागणाऱ्याला जगात कोणी काही देत नाही, ड्रायव्हरसाहेब."

नियमावली डॉक्टरांकडून मिळाली, तीही विनातक्रार. परत येताना आप्पा चौकटीवाल्या बाईंच्या दुकानात डोकावले. बाई पन्नाशीच्या, अंगावर कातडी एप्रन, केसांत लाकडाचा भुसा. बिजागऱ्यांचं विचारताच त्यांनी हातातली करवत खाली ठेवली.

"थांबा, थांबा. ह्याचा एक फोटो आहे माझ्याकडे."

दुकानाच्या आधीच्या मालकाने सोडलेला जुन्या फोटोंचा एक गठ्ठा त्यांनी वरच्या फळीवरून काढला. त्यात तो निघाला. ह्याच इमारतीचा जिना. कोनाड्यात भिंतीला लागून घडीची लाकडी बैठक आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली एक बाई, दमून डोळे मिटलेली.

"म्हणजे बैठका होत्या," आप्पा म्हणाले.

"होत्या. कोणी तरी कधी तरी काढून टाकल्या. ओझी वाहणारी माणसं जिन्याने येणं बंद झालं असेल, मग बैठका कोणाला हव्यात?"

जजबाईंनी फोटो पाहिला आणि त्या इतक्या खूश झाल्या की काठी विसरून दोन पावलं चालल्या. मग टेबलाशी बसून त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. विषय, जिन्यातल्या मूळ बैठका पूर्ववत बसवणे. सभा बोलवावी, आणि अर्जदाराला जिना उतरता येत नसल्यामुळे सभा चौथ्या मजल्यावर भरावी. शेवटी क्षणभर थांबून त्यांनी "सस्नेह" लिहिलं.

सभा रविवारी सकाळी अकराला ठरली. सभासद तळाचं दुकान धरून मोजून पाच. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी परदेशातून कळवलं की त्यांना कशालाच हरकत नाही. मुलगी यायला तयार नव्हती.

"तुम्ही जा ना, आप्पा."

"घर तुझ्या नावावर आहे, मत तुझं. आणि मी जाऊन काय करू? पुन्हा कोणाला तरी हाक मारीन आणि चिठ्ठी येईल."

जावई म्हणाला, "जा गं. कागद वाचून जा म्हणजे झालं." आप्पांना वाटलं, आता भांडण होणार. पण मुलगी खरंच आत गेली, नियमावली घेऊन बसली आणि तासाभराने साडी बदलून बाहेर आली.

आप्पा सोबतीला म्हणून तिच्याबरोबर चौथ्या मजल्यावर गेले. अकराला पाच मिनिटं कमी असताना चौकटीवाल्या बाई आल्या. अकरा वाजले तरी डॉक्टर नाहीत. मग जिन्यात पावलं वाजली. एक मजला. थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. आप्पांनी दार उघडून बघितलं. डॉक्टर म्हणजे भरल्या अंगाचे, साठीचे गृहस्थ, पहिल्या मजल्यावर राहणारे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना एकवीसच्या वर पायऱ्या चढायची वेळच आली नव्हती. ते तिसऱ्या चौथऱ्यावर कठडा धरून उभे होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. आप्पा खाली उतरून आपल्या घरात शिरले, खुर्ची घेऊन आले आणि काही न बोलता त्यांच्यामागे ठेवली. डॉक्टर धपकन बसले.

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"ही खुर्ची," डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "जिन्यात आहे."

"हो," आप्पा म्हणाले. "उचलू का?"

"राहू द्या. जरा राहू द्या."

त्यानंतर सभा अशी फार झालीच नाही. डॉक्टर वर आले, पाणी प्यायले, फोटो बघितला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. इमारतीवर त्यांचा खरोखरचा जीव होता. कठड्याच्या एका तुटलेल्या फुलासाठी त्यांनी दोन वर्षं लोहार शोधला होता. फोटोतल्या बैठकीकडे बघताना त्यांचे डोळे चमकले.

"पण ह्या तर नोकरमाणसांसाठी होत्या," ते म्हणाले.

"दमणाऱ्यांसाठी होत्या," जजबाई म्हणाल्या. "नियमावलीचं कलम कोणी वाचलंय का?"

"नववं," मुलगी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने हातातली नियमावली उघडली. "नवव्या कलमात फक्त वाट अडवणाऱ्या वस्तूंना बंदी आहे. घडीची बैठक कोनाड्यात बसते, ती वाट अडवत नाही. आणि चौदाव्यात लिहिलंय की वास्तूचा मूळ भाग पुराव्यानिशी पूर्ववत करता येतो. पुरावा समोर आहे."

जजबाईंनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही वकील? माझ्यासमोर कधी उभ्या राहिला होता?"

"एकदाच. तुम्ही 'बसा' म्हणालात."

"कशात?"

"शाळेच्या भिंतीच्या दाव्यात."

बाई बराच वेळ आठवत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. "नाही हो. नाही आठवत. रोज पाच-दहा जणांना बसवायचे मी." त्या ओशाळल्यासारख्या झाल्या. "फार लागलं होतं का?"

मुलीला हसूच फुटलं. तेरा वर्षं जे ओझं तिने उरावर वागवलं, ते ठेवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "लागलं होतं. पण कागद मी खरंच वाचले नव्हते," ती म्हणाली.

ठराव मंजूर झाला. चौकटीवाल्या बाईंनी तीन आठवडे खपून तीन बैठका केल्या, जुन्याच बिजागऱ्या घासून-पुसून त्यांच्यावर बसवल्या. डॉक्टर रोज येऊन लाकडाचा रंग बरोबर आहे ना ते पाहायचे आणि बाई त्यांना रोज हाकलायच्या.

मग एका मंगळवारी, सकाळी दहाला, जजबाई खाली निघाल्या. अंगावर इस्त्रीचा कोट, पायात नवे बूट. आप्पा एक पायरी पुढे. तिसरा मजला ठीक गेला. दुसऱ्यावर त्या बैठकीवर टेकल्या आणि उठेनात.

"परत जाऊ या," त्या हळूच म्हणाल्या. एवढ्या करारी बाईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आठ महिने झाले, ड्रायव्हरसाहेब. सवय मोडली माणसांची."

"बसा निवांत," आप्पा म्हणाले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. "घाई कोणाला आहे? मागून हॉर्न वाजवणारं कोणी नाही."

दहा मिनिटं गेली असतील. मग बाईंनी काठी टेकली आणि त्या आपणहून उठल्या.

चौकात ऊन पडलं होतं. कारंज्याच्या काठावर कबुतरं. बाईंनी दारातच थांबून दीर्घ श्वास घेतला आणि मग झपाझप म्हणावं तशा चालू लागल्या. दुसऱ्या गल्लीत त्यांचं केस कापण्याचं जुनं दुकान होतं. पण गल्लीत वळल्या आणि थबकल्या. त्या जागी अत्तरांचं दुकान झालं होतं. काचेत एकच बाटली, भोवती दिवे. आतल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की आधीचे गृहस्थ पाच महिन्यांपूर्वी दुकान बंद करून मुलाकडे गेले.

"पस्तीस वर्षं कापले त्यांनी माझे केस," बाई रस्त्यावर येऊन म्हणाल्या. "निरोपही घेता आला नाही." त्या नुसत्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात चौकाच्या फरसबंदीवर बसचा ओळखीचा खडखडाट झाला.

"बाई, आमच्या डेपोजवळ एक जण आहे. निम्म्या ड्रायव्हरांचे केस तोच कापतो. हात हलका आहे. चार थांबे लांब."

"बसने?"

"बसनेच. कधी बसला नाहीत?"

"चाळीस वर्षांत नाही."

चालक तरुण होता, आप्पांच्या हाताखाली शिकलेला. त्याने आप्पांना बघितलं, गाडी अगदी कडेला लावली आणि बाई चढून, बसून, काठी नीट ठेवेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढला नाही. बाई खिडकीशी बसल्या. बस चौकातून वळली तेव्हा काचा खुळखुळल्या आणि त्यांनी वर बघितलं.

"हा आवाज! रोज सकाळी ह्या आवाजावर चिडायचे मी. ती तुमची बस होती?"

"असेल," आप्पा म्हणाले. "माफ करा."

"आता काय माफ करायचं?" म्हणत त्या हसल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

डेपोजवळच्या माणसाने आधी बाईंकडे, मग आप्पांकडे बघितलं, खांदे उडवले आणि कात्री घेतली. वीस मिनिटांत बाईंची मान मोकळी झाली. आरशात बघून त्यांनी मागून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "हं. आता मी ओळखू येते."

परतताना त्या तिन्ही बैठकांवर बसल्या. पहिल्या मजल्यावर डॉक्टर दार उघडून बाहेर आले, त्यांनी बाईंचे केस पाहिले आणि जरासं वाकून अभिवादन केलं. चौथ्या मजल्यावर पोचायला अर्धा तास लागला, पण पोचल्या.

पुढे त्या आठवड्यातून दोनदा उतरू लागल्या. बैठकांवर इतरही बसू लागले. सकाळची कामाची बाई, सामान पोचवणारे. डॉक्टरांना दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीवर पेपर वाचायची सवय लागली, कारण म्हणे तिथे उजेड चांगला येतो.

महिन्याभराने एका संध्याकाळी आप्पा दार उघडून बघतात तो मुलगी बाहेरच्या बैठकीवर बसलेली. बूट काढून बाजूला ठेवलेले, बॅग मांडीवर.

"आत का नाही आलीस?"

"आले. जरा टेकले." तिने सरकून जागा केली. बैठक दोघांना जेमतेम पुरत होती. आप्पा अवघडून बसले. खालून चौकटीवाल्या बाईंच्या करवतीचा आवाज येत होता.

"आप्पा, खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला करमतं का इथे?"

आप्पांनी विचार केला. पोरीशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"अजून पुरतं नाही गं," ते म्हणाले. "पण उद्या दहाला बाईंबरोबर वाचनालयात जायचंय, चाळीस पायऱ्या आहेत म्हणतात तिथे, पण मधे बाक आहे. दाढी आजच करून ठेवतो."